मोजा काढून दिलेला हात

या, थोडं पुढे सरकून बसा. तिथे भिंतीला टेकून बसलात तर गोष्ट ऐकू येईल, पण लागणार नाही, आणि ही लागायला हवी. आमच्या हेमलॉक बे गावच्या कोचनी एका पोराला शब्द दिला होता. त्या शब्दाचं पुढे काय झालं, एवढंच आख्यान आहे. गोड करून सांगता येईल. पण ज्याने जीभ दिली त्याला एक दिवस तोंड दाखवायचं आहे, तेव्हा जसं घडलं तसंच सांगतो.

कोच म्हणजे उर्हो लाम्पिनेन. साठी ओलांडलेली, मान जाड, बोलणं कमी. चर्चच्या समोर त्यांचं हार्डवेअरचं दुकान. बर्फाची फावडी, खिळे, रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या गोण्या, हरवलेल्या किल्ल्या पुन्हा करून देणं. बायको सिल्वी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. "तिथे ऑर्गन आणि घरी उर्हो, दोन्ही मीच सुरात ठेवते," असं ती हसत सांगायची. पण गावात उर्होंना दुकानदार कुणी म्हणत नसे. लहानथोर सगळे कोच म्हणायचे, कारण कॉलेजच्या पोरांचा बर्फावरच्या हॉकीचा क्लब त्यांनी अर्धं आयुष्य चालवला होता.

क्लब म्हणजे क्लबच हं. कॉलेजचा संघ नव्हे. कॉलेजचा संघ फुटबॉलला होता, बास्केटबॉलला होता, पोहण्यालासुद्धा होता. ज्या गावात पोरं स्वयंपाकघरातली खुर्ची बर्फावर ढकलत ढकलत स्केटवर उभी राहायला शिकतात, त्या गावच्या कॉलेजात हॉकीला मात्र संघ नव्हता. पोरं आपल्याच खिशातून खेळायची. जर्सी आयांनी धुवायच्या, सामन्याला जायचं ते ज्याची गाडी त्या दिवशी सुरू होईल तिच्यातून, आणि रिंक, म्हणजे खेळायचं ते बर्फाचं छपराखालचं मैदान, मिळायची ती भल्या पहाटे, दुसऱ्या कुणालाच नको असायची तेव्हा. तिकडे दक्षिणेत वाळवंटातली कॉलेजं हॉकीचे संघ काढत होती, जिथे बर्फ फक्त सरबतात दिसतो! अशी बातमी आली की कोच वर्तमानपत्राची घडी घालून काउंटरखाली ठेवून द्यायचे आणि पुन्हा खिळे मोजायला लागायचे.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. ती लक्षात ठेवा. सामना संपला की दोन्ही संघ रांगेने समोरासमोर येतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेतो. मघाशी ज्याने आपले दात पाडायचे तेवढे बाकी ठेवले, त्याचाही घ्यायचा. आणि हात द्यायचा तो हातातला मोजा काढून. मोज्यासकट दिलात तर तोंडावर थुंकल्यासारखं. बर्फावरची ही रीत आमच्याकडे हळूहळू गावात उतरली. जळाऊ लाकूड असो, जुनी होडी असो, मुलीचं लग्न असो, मोजा काढून हात दिला की ठरलं. बाहेर अशी थंडी की उघडा हात लगेच झोंबायला लागतो. तो झोंबणारा हात ज्याने तुमच्यासाठी बाहेर काढला तो खोटं बोलणार नाही, एवढा साधा हिशेब.

तर एका फेब्रुवारीत कॉलेजने मनावर घेतलं. डेट्रॉइटला गोदामांचा धंदा करून गब्बर झालेला कुणी माजी विद्यार्थी म्हणाला होता, हॉकीचा संघ काढा, मी आहे. मग चौकशीला बाहेरून एक समिती आली. कॉलेजच्या क्रीडा विभागाचे प्रमुख प्रेस्टन कोल्बी त्यांना घेऊन हिंडत होते. कोल्बी नुकतेच फ्लोरिडाहून आलेले. दात पांढरेशुभ्र, हसू कायम तयार.

समितीला बघायचं होतं ते हे, की गाव या खेळासाठी येतं का. कोचनी दुकानाला कुलूप लावलं आणि दारोदार फिरले. शनिवारी दुपारी सामना ठेवला. चर्चच्या बायकांनी मांस-बटाट्याच्या पास्ट्या भाजल्या, वेलदोड्याचा पाव केला. रिंक अशी भरली की म्हाताऱ्यांना उभं राहावं लागलं आणि त्यांनी ते आनंदाने केलं. क्लबचा कर्णधार होता एस्किल तोर्विनेन. बाप लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकवर, आई हिल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात. पोरगा उंच, खांद्यात थोडा वाकलेला, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघणारा. पण स्केट चढवले की कुणाकडे बघायची गरजच उरत नसे. त्या दिवशी तो असा खेळला की समितीतल्या एका बाईंनी हातातली पास्टी खायची सोडून दिली.

सामना संपला, रांगा झाल्या, हात झाले. मग कोल्बी शहरी बूट घालून बर्फावर उतरले आणि दुसऱ्याच पावलाला त्यांचे पाय फाकले. कोचनी धावत जाऊन कोपर धरलं.

"जपून. घसरतं."

"कोच!" कोल्बी तोल सावरत म्हणाले. "अहो, तुम्ही तर अख्खं गाव उभं केलंत!"

"गाव उभंच होतं. तुम्ही आज आलात."

कोल्बी खळखळून हसले. "संघ होणार, कोच. आता कुणी अडवत नाही. बोला, तुम्हाला काय हवं?"

प्रेक्षक अजून हलले नव्हते. कोचनी मागे वळून पोरांकडे बघितलं. पोरं कठड्याला टेकून, हेल्मेट काढून, केसांतून वाफा निघत असलेली, तशीच थांबली होती.

"मला काही नको," कोच म्हणाले. "ही पोरं तेवढी सांभाळा. संघ झाला की पहिल्या सामन्याला जर्सी यांच्या अंगावर हवी. जी थांबतील त्यांच्या."

"अर्थातच! हे काय सांगायला हवं?" आणि कोल्बींनी हात पुढे केला.

उघडा हात. थंडीने लालबुंद झालेला. कोचनी आपला मोजा दातांनी ओढून काढला आणि तो हात धरला. सगळ्या गावाने बघितलं. वरच्या बाकांवरून कुणीतरी पाय आपटायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच आपटले, आणि ती लाकडी रिंक ढोलासारखी वाजायला लागली. त्या दिवशी उर्हो लाम्पिनेनना वाटलं, देवाने आपलं ऐकलं. देव ऐकतो हो. पण आपण कुणाच्या तोंडून त्याचं उत्तर आलं असं समजतो, ते बघायला हवं.

पुढच्याच महिन्यात एस्किल दुकानात आला. फावड्यांपाशी उगाच उभा राहिला. एकाची मूठ हलवून बघितली.

"फावडं हवंय का तुला?"

"नाही, कोच."

"मग त्याला सोड. काय झालं?"

"मिनेसोटाहून फोन आलाय." त्याने एका लहानशा कॉलेजचं नाव घेतलं, जिथे संघ केव्हाचा होता. "मोठी लीग नाहीये ती. पण ते म्हणतात, ये, जागा आहे. कदाचित नाही, नक्की आहे."

कोच म्हणाले, "तुला जायचंय?"

"मला खेळायचंय," एस्किल कोचच्या बुटांकडे बघत म्हणाला. "खरीखुरी जर्सी घालून. एकच वर्ष उरलंय. इथे घालायला मिळाली तर… आई येईल बघायला. तिकडे कुठली येणार ती, एवढ्या लांब?"

"मग थांब."

"नक्की, कोच? कारण मला त्यांना आत्ताच सांगायला हवंय. नाही म्हटलं तर ते दुसरा घेणार."

दुकानासमोर मिठाच्या गोण्यांचा ट्रक आला होता, कोचच्या हातात मोजे होते. त्यांनी उजवा काढला. "पहिल्या सामन्याला जर्सी तुझ्या अंगावर असेल. कोल्बीने मला हात दिलाय, मी तुला देतो."

एस्किलने खिशातून हात बाहेर काढला. कोचचा हात धरला, आणि जाताना त्याने दोन गोण्या खांद्यावर टाकून आत आणून ठेवल्या आणि दारातून वाकून निघून गेला. त्याने मिनेसोटाला नकार कळवला.

वसंतात घोषणा झाली. वाद्यं वाजली, केक कापला गेला, कोचना पहिल्या रांगेत बसवलं. आणि त्याच व्यासपीठावरून नव्या संघाचा नवा प्रशिक्षक जाहीर झाला: बोस्टनकडचा कुणी ब्रेंट मॅकलिश, कोरीव दाढीचा, सतत च्युइंगम चघळणारा. कोचना वाईट वाटलं का? वाटलं असणार. पण ते सिल्वीला म्हणाले, "ठीकच आहे. मी म्हातारा झालो. पोरं सांभाळली गेली म्हणजे झालं."

सिल्वीने टाळ्या वाजवल्या नव्हत्या, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

उन्हाळ्यात नवे खेळाडू यायला लागले. कॅनडाच्या पश्चिमेकडून, स्वीडनहून, दोनतीन वर्षं नुसतं हॉकीच खेळून मग कॉलेजात शिरलेले, मिशा फुटलेले बाप्ये. गावातल्या खानावळीत ते टेबलं जोडून बसायचे. त्यांच्यात चुकीचं काही नव्हतं. चांगली मुलं होती, थँक्यू म्हणायची. पण कोच मोजत होते ते जर्सींची संख्या आणि माणसांची संख्या, आणि हिशेब जमत नव्हता.

शरद ऋतू लागताच मॅकलिशने क्लबच्या पोरांसाठी एका सकाळी चाचणी ठेवली. कोच वरच्या बाकावर बसून बघत होते. मॅकलिश बर्फाकडे कमी आणि फोनकडे जास्त बघत होता. पोरं जीव तोडून खेळली. चाचणी संपल्यावर एकेकाला बोलावून, पाठीवर थाप मारून त्याने घरी पाठवलं. एस्किलला शेवटी बोलावलं. दोघांचं बोलणं कोचना ऐकू आलं नाही. एस्किलने मान हलवली आणि तो स्केट न सोडवताच बराच वेळ कठडा धरून उभा राहिला, एवढं त्यांनी बघितलं आणि ते मागच्या दाराने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेतून एस्किल रस्ता ओलांडताना दिसला. कोच काउंटरवरून उठले आणि जिना उतरून तळघरात गेले. वर दाराची घंटा वाजली.

"कोच?"

रंगाच्या डब्यांमध्ये कोच उभे होते. हातात उगाच एक ब्रश घेतला होता. वर पावलं इकडून तिकडे गेली, थांबली.

"कोच, आहात का?"

त्यांनी श्वास रोखून धरला. थोड्या वेळाने घंटा पुन्हा वाजली आणि दार लागलं. माणूस तळघरात लपतो तेव्हा त्याला वाटतं आपण एकटे उतरलो. तो वरचा देवही आपल्याबरोबर जिना उतरून येतो, आणि काही बोलत नाही, हीच तर शिक्षा.

त्या रविवारी चर्चमध्ये, सगळ्यांनी एकमेकांना हात देऊन "शांती असो" म्हणायची वेळ आली. कोचच्या पुढच्या बाकावर हिल्मा होती, एस्किलची आई. ती वळली. शाळेच्या भांड्यांनी खरखरीत झालेला तिचा हात तिने पुढे केला.

"शांती असो, उर्हो."

"शांती असो, हिल्मा."

"त्याला सराव करता येईल म्हणे त्यांच्याबरोबर," ती हळूच म्हणाली. "रोज. पण सामन्याला जर्सी नाही. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाला तो नवा माणूस. पुढचं वर्ष कुठे आहे त्याला?" तिने हात सोडला नव्हता. "तू बोल ना जरा त्यांच्याशी. तुला हात दिलाय त्यांनी."

वर सिल्वीने स्तोत्र सुरू केलं. सगळे उभे राहून गायला लागले. कोचनी हात सोडवून घेतला आणि स्तोत्राचं पुस्तक उघडलं.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढला नाही. "मी उद्या कोल्बीकडे जातो," ते म्हणाले. "त्याने मोजा काढून हात दिलाय. अख्ख्या गावासमोर."

सिल्वी बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"उर्हो, त्याने कुठला मोजा काढला?"

"म्हणजे?"

"फ्लोरिडाचा माणूस तो. नुसता कोट घालून आला होता. त्या दिवशी पास्टीच्या टेबलाशी येऊन माझ्याकडे कॉफी मागितली, प्यायला नाही, हात शेकायला. मी विचारलं, मोजे कुठेत तुमचे? म्हणाला, अजून घ्यायचेत." "त्याच्याकडे मोजे नव्हतेच रे. काढणार काय?"

उर्हो दारातच उभे राहिले. बुटांवरचा चिखल ओघळून चटईवर उतरत होता.

"तू तेव्हा का नाही बोललीस?"

"तू किती खूष होतास तेव्हा. आणि मलाही वाटलं, पाळेल. माणूस आहे, पाळेल."

तरी ते दुसऱ्या दिवशी गेले. कोल्बींनी खुर्ची दिली, कॉफी दिली, हसू तर होतंच.

"कोच, बरं झालं आलात! मीच फोन करणार होतो."

"एस्किल तोर्विनेनला जर्सी मिळायला हवी," कोच म्हणाले. "एक सामना. पहिला. नंतर काय करायचं ते करा."

"कोण? हां, तो उंच मुलगा. गुणी आहे. पण हे मॅकलिशचं क्षेत्र, मी त्यात बोटं घालत नाही."

"तुम्ही मला हात दिलात."

"कधी?"

"बर्फावर. फेब्रुवारीत."

कोल्बींना खरंच आठवत नव्हतं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून. कपाळाला आठ्या घातल्या. तेच कोचना सगळ्यात जास्त लागलं. तो माणूस खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

"कोच," कोल्बी शेवटी मवाळ आवाजात म्हणाले, "मी दिवसभर लोकांना हात देतो. तीच माझी नोकरी आहे हो." आणि मग उजळून, "पण ऐका. पहिल्या सामन्याला बर्फाच्या मधोमध खेळाची चकती, पहिला पक, तुम्ही टाकायचा. मान तुमचाच आहे. आणि खेळाडूंच्या खोलीच्या दारावर तुमच्या नावाची पाटी लावतोय, पितळेची. काय म्हणता?"

इथे, मंडळी, उर्हो लाम्पिनेननी उठून बाहेर पडायला हवं होतं. दार आपटायलाही हरकत नव्हती. पण पितळेची पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, तिच्यावर आपलं नाव, आणि त्यांनी मनाला समजावलं की हा मान क्लबचा आहे, सगळ्या पोरांचा आहे, मी फक्त त्यांच्या वतीने घेतोय. असं मनाला समजावता येतं. फार सोपं असतं ते.

"बरं," कोच म्हणाले.

सिल्वीला त्यांनी जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "एस्किलला सांगितलंस?"

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना!"

सांगितलं नाही. क्लबला पहाटेची जी वेळ मिळायची तीही आता नव्या संघाच्या व्यायामाला गेली होती, त्यामुळे क्लब असा काही उरलाच नव्हता, आणि एस्किलशी समोरासमोर गाठ पडायचं कारणही. लोकांकडून एवढं कळलं, की त्याने त्यांच्याबरोबर सराव करायचं नाकारलं आणि रिंकवरच कामाला लागला. बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायचं, बाकांखालचा कचरा काढायचा.

पहिल्या सामन्याच्या दिवशी संध्याकाळी रिंक पुन्हा भरली. तेच लोक, तीच वेलदोड्याची आणि कांद्याची घमघम. जुन्या लाकडी कठड्याला नवा रंग, छताला नवे दिवे, मधोमध बर्फाखाली कॉलेजचं रंगवलेलं चिन्ह. वरच्या बाकावर सिल्वी बसली होती. तिच्या शेजारी हिल्मा, मांडीवर हात ठेवून.

निवेदकाने कोचचं नाव पुकारलं. कठड्याचं फाटक उघडलं आणि आतून मधोमधपर्यंत लाल गालिचा अंथरला गेला, पाहुण्यांचे पाय घसरू नयेत म्हणून. अंथरणारे दोघे जण होते. एक रिंकचा जुना नोकर. दुसरा एस्किल.

कोचचा पाय फाटकात अडखळला. एस्किल गालिच्याचं टोक बुटाने सरळ करत होता. त्याने वर बघितलं नाही.

मग कोच चालत गेले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पाय आपटत होते, पण ते आपटणं त्या फेब्रुवारीसारखं नव्हतं. की त्यांच्याच कानांना तसं वाटलं कोण जाणे. दोन्ही संघांचे कर्णधार समोर आले. आपला कर्णधार स्वीडनचा, सोनेरी भुवयांचा, नम्र पोरगा. कोचनी पक टाकला. त्याने तो वाकून उचलला आणि त्यांच्या हातात परत दिला, आठवण म्हणून. फोटो निघाला.

कोल्बी पुढे झाले. आता त्यांच्या हातांत मोजे होते, कॉलेजच्या रंगाचे, कोरे करकरीत. त्यांनी तसाच मोज्यासकट हात पुढे केला.

कोच थांबले. हजार डोळे त्यांच्या उजव्या हातावर होते. त्यांनी मोजा काढला नाही. मोज्यासकटच कोल्बींचा हात धरला आणि सोडला.

वरच्या बाकांवरच्या टाळ्या एकदम विरल्या. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाच्या तरी हातातून कागदी पेला पडला, तो पायऱ्यांवरून घरंगळत गेलेला ऐकू आला. हेमलॉक बेमध्ये याहून मोठा अपमान कुणी कुणाचा केला नव्हता.

"मस्त!" कोल्बी म्हणाले. "इकडे बघा कोच, अजून एक फोटो."

त्यांना काही कळलंच नव्हतं. ते फोटोवाल्याकडे बघून हसले, कोचच्या खांद्यावर हात टाकला, आणि मग कुणाशी तरी बोलत गालिच्यावरून परत निघूनही गेले. तरी कोचची छाती किंचित पुढे आली होती. कोल्बीला नाही, पण गावाला तर समजलं! आपण बोललो. उशिरा का होईना, बोललो. ते गालिच्याच्या टोकावर एकटेच उभे होते आणि मनातल्या मनात हेच घोळवत होते.

"कोच, पाय."

एस्किल खाली वाकला होता. गालिच्याची कड त्याच्या हातात होती.

"एस्किल…"

"पाय उचला, कोच. गालिचा गुंडाळायचाय. खेळ खोळंबलाय."

कोच बाजूला बर्फावर उतरले. एस्किल सरळ उभा राहिला. अंगात रिंकचा करडा डगला, हातांत कामाचे चामडी मोजे, पाण्याने काळे पडलेले. पहिल्यांदाच तो कोचच्या बुटांकडे न बघता त्यांच्या डोळ्यांत बघत होता.

कोचनी आपला उजवा मोजा काढला. सावकाश, एकेक बोट सोडवत. हात पुढे केला. बोलायचं खूप होतं: मिनेसोटाचं, तळघराचं, पाटीचं. "पोरा, मी…" एवढंच आलं.

एस्किलने त्या हाताकडे बघितलं. तो हात त्याला ठाऊक होता. दुकानाच्या दारात, मिठाच्या गोण्यांपाशी त्याने एकदा तो धरला होता. त्याने आपला हात उचलला. मोजा तसाच ठेवून. ओलं, गार, खरबरीत चामडं कोचच्या तळव्याला लागलं. त्याने हात व्यवस्थित दाबला, पाहुण्यांचा दाबतात तसा.

"छान झालं, कोच," तो म्हणाला. "फाटक त्या बाजूला आहे. जपून जा. घसरतं."

आणि तो वाकून गालिचा गुंडाळायला लागला. कोचना पुढे पुढे चालावं लागलं, कारण गालिचा त्यांच्या पाठोपाठ येत होता. वर कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. सिल्वीने मान खाली घातली होती. हिल्मा मात्र सरळ बघत होती, आपल्या मुलाकडे, जो तिला बघायला मिळावा म्हणून इथे थांबला होता.

त्या रात्री कॉलेज जिंकलं. सामना संपल्यावर दोन्ही संघ रांगेने आले, मोजे काढून एकमेकांचे हात धरले. पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही. तेवढा वेळ कोच बाकावर बसून होते, आणि हातातला मोजा त्यांनी पुन्हा चढवला नव्हता. सिल्वीने तो त्यांच्या खिशात कोंबला आणि त्यांना घरी नेलं.

पितळेची पाटी अजून आहे. रोज पुसली जाते, चकचकीत असते. संघ चांगला खेळतो, लांबून लोक बघायला येतात, आता दुसरी कॉलेजंही समित्या पाठवून विचारतात की तुम्ही हे कसं जमवलंत. एस्किल पुढच्या वसंतात बापाच्या ट्रकवर कामाला लागला. स्केट त्याने कुणाला दिले की टाकले, ठाऊक नाही. त्या पहिल्या संघाच्या फोटोत तो नाही, असणार कसा? पण नीट बघितलंत तर खालच्या कोपऱ्यात गुंडाळलेल्या गालिच्याचं टोक दिसतं.

आख्यान एवढंच. मागणं एक आहे. आज घरी जाल, देवापुढे दिवा लावाल, हात जोडाल. हात जोडताना मोजे काढावे लागतात, तेव्हा ते उघडे असतील. त्या वेळी आपल्यासाठी जे मागायचं ते मागा, आणि एकदा एस्किल तोर्विनेनची आठवण करा.